लिसनर नेमणे आहे

गाळप हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्री दोन वाजता जाऊन पाहा. ट्रक, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलगाड्या एकामागे एक उभ्या असतात आणि बैल सोडून सगळ्यांना घाई असते. गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरात जातं, तिथून हिशेबाच्या प्रोग्रॅमकडे जातं आणि तिथून शेतकऱ्याच्या मोबाइलवर एसएमएस निघतो. हे तीन प्रोग्रॅम एकमेकांशी थेट बोलायला लागले, तर एसएमएसवाला अडला की हिशेबवाला थांबेल, हिशेबवाला थांबला की काटा थांबेल आणि काटा थांबल्यावर रांगेतून जे ऐकू येईल ते इथे छापता येणार नाही. म्हणून मध्ये मेसेज क्यू ठेवतात. काट्याचा प्रोग्रॅम आपला निरोप क्यूत टाकतो आणि मोकळा होतो. तो कधी उचलायचा आणि त्याचं काय करायचं, हे पलीकडच्याचं दुखणं. क्यूच्या तोंडाशी बसलेला तो पलीकडचा म्हणजे लिसनर.

लिसनरइतका गरीब प्राणी सॉफ्टवेअरमध्ये दुसरा नाही. जावावाल्यांनी 1998 मध्ये जावा मेसेज सर्व्हिस नावाचा करारनामा काढला. त्यात लिसनरच्या वाट्याला एकच मेथड आली : ऑनमेसेज. निरोप आला की काय करायचं, ते त्यात लिहायचं. निरोप आलाच नाही तर काय करायचं, याबद्दल करारनाम्यात अवाक्षर नाही. बसून राहायचं, हे गृहीत धरलेलं आहे.

या धंद्याच्या मुळाशी एक मुंबईकर आहे. विवेक रणदिवे एमआयटीत शिकायला निघाले, तेव्हा परकीय चलन मिळण्याची मारामार होती. मग ते रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या दाराशी ठाण मांडून बसले आणि चलन घेऊनच उठले, असं सांगतात. रांगेत उभं राहण्याबद्दल ज्याचं मत इतकं स्पष्ट आहे, त्यानेच पुढे अमेरिकेत निरोपांची वाहतूक करणारी 'इन्फर्मेशन बस' काढावी, हे साहजिकच होतं. शेअर बाजारातल्या व्यवहारवाल्यांना हवी ती माहिती, हवी तेवढी, आपोआप मिळू लागली. त्यांची कंपनी रॉयटर्सने 1994 मध्ये विकत घेतली. त्याच्या आदल्या वर्षी आयबीएमचं एमक्यूसिरीज आलं होतं. 2003 मध्ये जेपी मॉर्गन या बँकेत जॉन ओहारा यांनी एएमक्यूपी हा खुला नियम मांडायला घेतला आणि 2007 मध्ये तो पाळणारा रॅबिटएमक्यू जन्मला. लिंक्डइनमधून 2011 मध्ये बाहेर आलेल्या प्रणालीला काफ्का हे नाव पडलं. ही लिहिण्यासाठी घडवलेली प्रणाली, म्हणून लेखकाचं नाव दिलं, असं ते देणारे जे क्रेप्स सांगतात. ज्याने काफ्का वाचला आहे आणि ही प्रणाली चालवली आहे, त्याला एवढ्या साध्या कारणाची गरज वाटत नाही.

असो. आपण हिंजवडीला येऊ.

तिथल्या एका ऑफिसात काही वर्षांपूर्वी साखर कारखान्यांसाठी असंच सॉफ्टवेअर तयार होत होतं. प्रत्येक कारखान्याला स्वतंत्र क्यू, कारण एका कारखान्याचा ऊस दुसऱ्याच्या हिशेबात गेला तर तो तंटा कोडने सुटणारा नसतो. जावावाल्यांची स्प्रिंग नावाची चौकट आहे, तिने 2014 मध्ये मोठीच सोय करून ठेवली होती. मेथडच्या डोक्यावर अ‍ॅटचं चिन्ह काढायचं, पुढे रॅबिटलिसनर लिहायचं, कंसात क्यूचं नाव द्यायचं. झाला लिसनर. अट एकच, कंसातलं नाव कंपाइल करतानाच पक्कं हवं, कारण जावात या खुणेला, म्हणजे अ‍ॅनोटेशनला, स्थिर मूल्यच चालतं. नाव कॉन्फिगरेशनच्या फाइलीत ठेवण्याची पळवाट आहे, पण ती फाइलही प्रोग्रॅम सुरू होतानाच वाचतात. त्यानंतर जन्मलेल्या क्यूला अ‍ॅनोटेशन ओळख देत नाही.

चार कारखाने होते तोवर चार अ‍ॅनोटेशनं सुखाने नांदली. पाचवा आला की पाचवी ओळ, नवी बिल्ड आणि रीस्टार्ट. रीस्टार्ट रात्री करायचा, कारण रात्री कोणी काम करत नाही, अशी हिंजवडीची ठाम समजूत आहे. स्वतः तिथली माणसं रात्री दोनला काम करत असतानाही ही समजूत ढळत नाही. इकडे कारखाना मात्र चोवीस तास गाळप करतो.

तशात विक्री विभागाने स्लाइडवर लिहिलं : 'नवा कारखाना पाच मिनिटांत चालू'. ही पाच मिनिटं कुठून आली, हे कोणालाच सांगता येईना. मीटिंगमध्ये विक्रीच्या साहेबांनी टीम लीडला विचारलं,

"आपण क्लाउडवर आहोत ना?"

"आहोत, सर."

"मग रीस्टार्ट कशाला लागतो? क्लाउड रीस्टार्ट होतो का कधी?"

या प्रश्नाला उत्तर नसतं असं नाही, पण मीटिंग संपण्याआधी ते देणं शक्य नसतं. टीम लीडने "मग डायनॅमिक करावं लागेल" असं म्हटलं. डायनॅमिक म्हटलं की खोलीतल्या सगळ्या माना हलतात. त्याचा अर्थ विचारणाऱ्याच्या अंगावर काम पडतं, म्हणून कोणी विचारत नाही.

डायनॅमिक लिसनर करण्याची रीत सरकारी नेमणुकीच्या इतकी जवळ जाते की स्प्रिंगवाल्यांनी आपल्या एखाद्या कचेरीत उमेदवारी केली असावी असा संशय येतो. आधी एंडपॉइंट नावाचा एक अर्ज भरायचा : ओळख क्रमांक काय, कुठल्या क्यूवर बसायचं, निरोप आल्यावर कोणाला द्यायचा. हा अर्ज रॅबिटलिसनरएंडपॉइंटरजिस्ट्री या विभागात नेऊन द्यायचा. हा एक शब्द आहे आणि जावात तो लांब समजला जात नाही. सोबत कंटेनर घडवणारी फॅक्टरी जोडायची. साखर कारखान्याच्या कामालाही फॅक्टरी लागतेच. रजिस्ट्री नोंद करते आणि कंटेनर तयार होतो. लिसनर ज्यात बसतो, ज्याच्या थ्रेडवर जगतो, तो हा कंटेनर.

कंटेनरांत सगळ्यांत जुन्या आणि भारदस्त जातीचं नाव सिंपलमेसेजलिसनरकंटेनर. चालू असताना त्याला एक नवी क्यू जोडून द्या. तो आपल्याकडचे सगळे चालू ऐकणारे रद्द करतो आणि नव्या यादीसह पुन्हा उभे करतो. एक कारकून वाढवला म्हणून अख्ख्या खात्याला घरी पाठवून परत हजर व्हायला सांगायचं, याचं नाव सिंपल. स्प्रिंगच्या एएमक्यूपी विभागाच्या 2.0 आवृत्तीत डायरेक्ट नावाचा कंटेनर आला. तो बाकीच्यांना न उठवता एकट्या नव्याला बसवतो. दोन दशकं जावात काढलेली माणसं नावात सिंपल असलेल्या क्लासपासून आपोआप दोन पावलं लांब उभी राहतात.

नोंदणीच्या मेथडला शेवटी एक हो-नाहीचा रकाना असतो : लगेच सुरू करायचं का? तो न भरता मेथड हाकली, तर उत्तर 'नाही' असं धरतात. मग रजिस्टरात लिसनरचं नाव असतं, ओळख क्रमांक असतो, कंटेनरही असतो, फक्त तो कामाला लागलेला नसतो. क्यूत निरोप साठत जातात. पडद्यावर नेमणूक झाल्याची हिरवी खूण दिसते. कचेरीत ज्याने एखादा कागद पुढे सरकवून घेतला आहे, त्याला हा दोष दोन मिनिटांत सापडतो. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधराला वेळ लागतो.

पुढचा घोळ नावाचा. क्यूला कारखान्याचं पूर्ण नाव द्या, मराठीत द्या, असा एका संचालक मंडळाचा आग्रह होता. रॅबिटएमक्यूत क्यूच्या नावाला 255 बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं, काना, मात्रा, वेलांटीही सोडत नाही. 'सहकारमहर्षी'ला 33 बाइट. 'सहकारी'ला 18, 'साखर'ला 12, 'कारखाना'ला 21, 'लिमिटेड'ला 21. म्हणजे महर्षींचं नाव येण्याआधीच 105 बाइट खर्ची पडले. मग खुद्द महर्षी, त्यांच्या वडिलांचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. सहकाराची चळवळ 255 बाइटमध्ये बसत नाही, हे एएमक्यूपी ठरवताना लंडनमध्ये कोणाच्या ध्यानी आलं नसावं. शेवटी आकड्यांचा कोड ठरला आणि पूर्ण नाव छापील पावतीवर गेलं. तिथे बाइट मोजत नाहीत.

एवढं झाल्यावर पाच मिनिटांचं वचन खरोखर पुरं होऊ लागलं. पडद्यावर कारखान्याचा कोड टाका, बटण दाबा, लिसनर हजर. विक्रीच्या साहेबांनी ते बटण स्वतः दाबून पाहिलं आणि मग ज्या ग्राहकांशी अजून बोलणीही झाली नव्हती, त्यांच्यासाठीही दाबलं.

रविवारी सर्व्हरला सुरक्षेचा पॅच लागला, सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि बटणाने जन्मलेले सगळे लिसनर नाहीसे झाले. त्यात नवल काही नव्हतं. ते मेमरीत जन्मले होते, मेमरीबरोबर गेले. अ‍ॅनोटेशनवाले चार मात्र जागेवर. तेव्हा ठरलं की डायनॅमिक लिसनरांची यादी डेटाबेसमध्ये लिहायची आणि सुरू होताना ती वाचून सगळ्यांना पुन्हा उभं करायचं. म्हणजे नेमणूक तोंडी चालणार नाही, लेखी आदेश हवा. इथपर्यंत यायला कचेऱ्यांना काही पिढ्या लागल्या होत्या, हिंजवडीला एक रविवार लागला.

तरी एक गोम उरलीच. सर्व्हर तीन होते. बटण दाबल्याची विनंती तिघांपैकी एकाकडे जाते, तोच लिसनर उभारतो, बाकीच्या दोघांना पत्ता नसतो. नेमका तोच सर्व्हर बंद पडला की त्या कारखान्याचे निरोप ऐकायला कोणी नाही. मग बाकीच्या दोघांना कळवायचं कसं? मेसेज पाठवून. तो मेसेज कुठे पाठवायचा? क्यूत. त्या क्यूवर कोण ऐकणार? प्रत्येक सर्व्हरवर एकेक लिसनर हवा, आणि तो आधीपासून बसलेला हवा, म्हणजे अ‍ॅनोटेशनचा. नव्या लिसनरांची वर्दी ऐकण्यासाठी जुन्या पद्धतीचा लिसनर. ज्याला हाकलण्यासाठी हा सगळा खटाटोप मांडला, तोच आता खातेप्रमुख होऊन बसला. डायनॅमिक म्हणवणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेचं आवरण सोलत गेलं की तळाशी असा एक न हलणारा गृहस्थ सापडतो, आणि सगळं त्याच्याच भरवशावर चाललेलं असतं.

लिसनर स्वस्तात मिळू लागले की माणसं ते घाऊक घेतात. एका क्यूवर एकच लिसनर का, तीन ते दहा ठेवा, म्हणून कोणीतरी '3-10' असं लिहिलं आणि ती ओळ सगळीकडे चिकटवली गेली. दोनशे क्यू, प्रत्येकी किमान तीन, म्हणजे सहाशे थ्रेड. 64 बिटांच्या लिनक्सवर जावा दर थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण 1 एमबी जागा राखून ठेवते. 2023 मध्ये जावा 21 बरोबर हलके व्हर्च्युअल थ्रेड आले आणि हा भार पुष्कळ उतरला. पण खरी गंमत थ्रेडची नव्हतीच. गाडीचं वजन दोनदा होतं, आधी भरलेल्या गाडीचं आणि ऊस उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की ऊस. एका क्यूवर तिघेजण ऐकत असले की कोणाचं काम आधी उरकेल, याची हमी नाही. टेस्टिंगच्या मुलीने अहवाल दिला : शेतकऱ्याचा ऊस, उणे 14 टन. म्हणजे गणिताप्रमाणे आता शेतकऱ्यानेच कारखान्याकडून 14 टन ऊस घरी न्यायचा होता. रॅबिटएमक्यूने 2019 मध्ये आणलेल्या 3.8 आवृत्तीत, रांगेत कितीही जण बसले तरी एका वेळी एकानेच ऐकायचं, अशी सोय आहे. ती लावली आणि उरलेले बसल्याजागी राखीव झाले.

दुसरी गंमत टेबलावर किती कागद घ्यायचे याची. स्प्रिंगचा लिसनर पूर्वी एका वेळी एकच निरोप उचलायचा. 2.0 आवृत्तीपासून, काही न सांगितल्यास, तो 250 पर्यंत निरोप उचलून जवळ ठेवतो. वेगाच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच आहे. पण क्यूत 200 निरोप असले आणि पहिला लिसनर ते सगळे घेऊन बसला, तर शेजारचे नऊ रिकामे, क्यूही रिकामी आणि काम मात्र तुंबलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काम शिल्लकच नाही.

मग एके दिवशी बैलगाडी आली. बैलगाडीला आरटीओचा नंबर नसतो, ही गोष्ट हिंजवडीत बसून लिहिलेल्या कोडला ठाऊक नव्हती. लिसनरने निरोप उचलला, वाहन क्रमांकाचा रकाना रिकामा पाहून एक्सेप्शन फेकलं आणि निरोप परत क्यूत गेला. तसं व्हावं हीच मूळ सेटिंग असते. क्यूने तो पुन्हा लिसनरला दिला. लिसनरने पुन्हा फेकला. हे सेकंदाला कित्येकदा, रात्रभर. त्या दोघांच्या वेगाचं कौतुकच करायला हवं. इतक्या तत्परतेने न होणारं काम दुसरीकडे कुठे पाहायला मिळत नाही.

यावर उपाय म्हणजे डेड लेटर क्यू. जे निरोप कोणालाच पचत नाहीत, ते तिकडे टाकायचे. हे नाव टपालखात्यातून आलेलं आहे. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही आणि पाठवणाराही कळत नाही, ते पूर्वी डेड लेटर ऑफिसात जायचं. आपल्याकडे आता त्याला रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणतात. तिथल्या अधिकाऱ्याला ते पाकीट उघडून आत काही धागादोरा आहे का, हे बघण्याचा अधिकार असतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी नाव उचललं, पेटी उचलली, अधिकारी उचलायचा राहून गेला. बहुतेक ठिकाणी डेड लेटर क्यूवर लिसनर नसतो. तिथे काही पडलं की ईमेल जावी असं ठरतं, ईमेल एका ग्रुपवर जाते आणि तो ग्रुप सगळ्यांनी म्यूट केलेला असतो.

पण हे सगळे जन्माचे आणि जगण्याचे प्रश्न. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, भाषणं आहेत. लिसनर बंद कसा करायचा, यावर कोणी व्याख्यान देत नाही. कारखाना ग्राहक म्हणून सोडून गेला, किंवा दुसऱ्याने भाड्याने चालवायला घेतला आणि नव्या कोडने पुन्हा आला, तर जुन्या लिसनरचं काय? सुरू करायच्या बटणामागे विक्री विभाग उभा असतो. बंद करायच्या बटणामागे कोणी उभं राहत नाही. त्यासाठी स्लाइड नसते, इन्सेन्टिव्ह नसतो, केकही कापत नाहीत.

रजिस्ट्रीकडे नाव कमी करण्याची मेथड आहे. तिच्या माहितीपत्रकात ठळक सूचना आहे की, ही मेथड फक्त रजिस्टरातलं नाव काढते. कंटेनर थांबवणं ही तुमची जबाबदारी. सूचना वाचली नाही, तर नाव जातं आणि लिसनर ऐकतच राहतो. आता तो कुठल्याच यादीत नाही, त्याला थांबवण्यासाठी हाक मारायला नावही नाही, आणि तरी येणारा प्रत्येक निरोप तो इमानेइतबारे उचलून जुन्या हिशेबात टाकतो आहे. उलट, बंद करताना कंटेनर थांबवला पण नाव काढायचं राहिलं, तर तोच कारखाना परतल्यावर रजिस्ट्री ऐकवते की, या ओळख क्रमांकाचा एंडपॉइंट आधीच नोंदलेला आहे.

जेएमएस, म्हणजे त्या जावा मेसेज सर्व्हिसच्या, घराण्यातले स्प्रिंगचे लिसनर तर निष्ठेत याहून पुढे. क्यू सांभाळणारा ब्रोकर बंद पडला तर ते दर 5 सेकंदांनी पुन्हा जोडणी करून पाहतात आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये तसं लिहितात. किती वेळा प्रयत्न करायचा, याच्या रकान्यात मूळचा शब्द आहे 'अनलिमिटेड'. एका लिसनरच्या दिवसाला 17,280 नोंदी. दोनशे जणांच्या 34 लाख 56 हजार. ब्रोकर मेला त्याने सर्व्हर बंद पडत नाही, त्याच्या शोकाने डिस्क भरते तेव्हा पडतो.

शेवटी एका हुशार मुलाने तोडगा काढला. जो लिसनर नव्वद दिवस एकही निरोप ऐकणार नाही, तो आपोआप बंद. स्वच्छ, निःपक्षपाती, माणसाचा हात न लागणारा नियम. सगळ्यांना आवडला. एप्रिलच्या सुमारास गाळप संपलं, काटे थंडावले, आणि जुलै-ऑगस्टपर्यंत नियमाने एकेक करून सगळ्या कारखान्यांचे लिसनर झाडून टाकले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला, मोळी टाकली, पहिली गाडी काट्यावर चढली, वजन क्यूत गेलं आणि तिथेच राहिलं. गप्प बसलेला आणि गेलेला यांतला फरक सर्व्हरला कळत नाही. तो कळायला सांगलीच्या पलीकडे उसाच्या फडात एकदा उभं राहावं लागतं.

तेव्हापासून नियम बदलला आहे. कॉम्प्युटर फक्त यादी काढतो, आणि पावसाळ्यात सपोर्टचा एक मुलगा प्रत्येक कारखान्याला फोन करून विचारतो. हल्लीचाच एक फोन. पलीकडे चीफ अकाउंटंट, अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीत.

"साहेब, तुमच्या दुसऱ्या काट्याचा लिसनर वर्षभर नुसता बसून आहे. बंद करू का?"

"दुसरा काटा मागच्या सालीच मोडीत काढला."

"मग करतो बंद."

"थांबा. तुमचा तो पगार घेतो का?"

"नाही, साहेब."

"वर्षाच्या फीत काही वाढ?"

"नाही."

"मग असू द्या की. संचालकांच्या निवडणुका जवळ आल्यात. आत्ता कोणाला कमी केलं असं दिसायला नको."

मुलाने टिकिटावर शेरा मारला : ग्राहकाच्या इच्छेनुसार कायम.